टेस्ट पोझिशनचं उत्तर बरोबर आहे का, हे कसं तपासायचं

नांदेड, लातूर किंवा संभाजीनगरच्या कॉलेजात बसून तुम्ही बुद्धिबळाचं इंजिन लिहिताय आणि ते एखादी टेस्ट पोझिशन, म्हणजे उत्तम चाल आधीच लिहून ठेवलेली चाचणीची मांडणी, सोडवत नाही. कोडला हात लावण्याआधी फाइलमधलं उत्तर तपासा. जुन्या संचांतली बरीच उत्तरं माणसांनी पटावर ठरवलेली आहेत. एकच चाल निकाल बदलत असेल, तरच पोझिशन कामाची. म्हणून खरी मेहनत बाकीच्या चाली पाडण्यात आहे.

आधी ईपीडीची (पोझिशन आणि तिचं उत्तर एका ओळीत लिहायची पद्धत) ओळ वाचा: चाल कुणाची, कॅसलिंग उरलंय का. छापील आकृतीवरून उतरवताना चाल कुणाची हेच हमखास चुकतं.

राजांसह सात किंवा कमी मोहरी असतील, तर सिझिजी टेबलबेसला (कमी मोहऱ्यांच्या प्रत्येक पोझिशनचा अचूक निकाल साठवलेल्या फाइल) विचारा. पाच मोहऱ्यांपर्यंतच्या फाइल साधारण १ जीबीत मावतात, सहाच्या १५० जीबीच्या आसपास जातात. मोबाइल डेटावर काम करत असाल तर पाचपर्यंतच्याच उतरवा, पुढचं लिचेस या बुद्धिबळाच्या साइटच्या ऑनलाइन टेबलबेसवर बघा.

पण टेबलबेसही डोळे झाकून घेऊ नका. साव्हेद्राच्या प्रसिद्ध पोझिशनचा शेवटचा टप्पा मांडा: पांढरा राजा सी२, प्यादं सी७, काळा राजा ए१, हत्ती डी४, चाल पांढऱ्याची. सी८ वर वजीर केला तर हत्ती सी४ शह, वजिराने मारलं की स्टेलमेट, म्हणजे काळ्याला चालच उरत नाही आणि डाव बरोबरीत. हत्ती केला तर डाव जिंकतो. मात्र राजा सी३ हीसुद्धा टेबलबेसमध्ये जिंकणारी चाल दिसते! काळ्याने हत्ती डी१ केला की राजा सी२, हत्ती डी४, आणि पट होता तिथेच. ही निव्वळ वेळकाढू चाल आहे, वेगळं उत्तर नव्हे. अशी चाल दिसली म्हणून पोझिशन फेकू नका, फक्त शेरा लिहा.

मोहरी जास्त असतील तर स्टॉकफिश या इंजिनमध्ये मल्टीपीव्ही (किती उत्तम चाली दाखवायच्या) ४ ठेवा, हॅश (आधीच्या शोधाची साठवण) रिकामं करून रात्रभर चालू द्या. पहिल्या-दुसऱ्या चालीच्या गुणांतलं अंतर बघा. १५.१ आवृत्तीपासून स्टॉकफिशचं +१.०० म्हणजे जिंकायची शक्यता ५० टक्के. पहिली +२ आणि दुसरी +०.३ असेल तर ठीक. +६ आणि +४ असेल तर दोन्ही जिंकतात, पोझिशन काढून टाका. मग दुसऱ्या क्रमांकाची चाल पटावर खेळा, प्रतिस्पर्ध्याचं उत्तम उत्तर शोधा, त्या चालींच्या मालिकेच्या टोकापर्यंत जा आणि हॅश न पुसता एकेक चाल मागे या. पुष्कळ ‘एकमेव’ चाली इथेच गळतात.

किल्लेबंदीत (फोर्ट्रेस, म्हणजे बळ कमी असूनही समोरच्याला आत शिरू न देणारी मांडणी; कॅसलिंग नव्हे) इंजिन +१.५ दाखवत राहतं. वीस चाली पुढे खेळूनही आकडा हलला नाही, तर ती बरोबरी समजा. दुसरं मत लीलासारख्या वेगळ्या घडणीच्या इंजिनचं घ्या. स्टॉकफिशचाच कोड घेऊन बनलेलं इंजिन साक्षीला चालत नाही, ते त्याच चुका करतं.

तुमचं इंजिन झुगझ्वांगच्या (कुठलीही चाल केली तरी नुकसानच) पोझिशनमध्ये अडत असेल तर नल-मूव्ह (एक चाल सोडून देऊन शोध छाटायची युक्ती) बंद करून बघा. उत्तर लगेच सापडलं, तर उत्तर खरं आणि दोष छाटणीचा.

निकाल सेकंदांत मोजू नका. मे महिन्यात परभणीच्या उन्हात लॅपटॉप तापून वेग घटतो, लाइट गेली की बॅटरीवर आणखी घटतो. एक थ्रेड आणि ठराविक नोड (इंजिनने तपासलेल्या पोझिशनची संख्या) ठेवा, म्हणजे तीच आकडेवारी पुन्हा मिळते. अनेक थ्रेडवर प्रत्येक वेळी वेगळी येते. ओळीशेजारी इंजिनची आवृत्ती, नोड, शोधाची खोली (किती चाली पुढे पाहिलं) आणि दुसऱ्या चालीचा आकडा लिहून ठेवा. दोन चाली सारख्याच जिंकत असतील आणि पोझिशन ठेवायचीच असेल, तर ईपीडीतल्या बीएममध्ये (उत्तम चाल) दोन्ही लिहा. एकच चाल डाव घालवत असेल तर बीएम काढून ती एएममध्ये (टाळायची चाल) टाका.