आजीच्या डब्यातलं सोनं कुठलं, कधीचं? जुन्या दागिन्यावरचे छाप असे वाचा

जुना दागिना हाती आला की आपण आधी हॉलमार्क शोधतो, आणि तो दिसला नाही की सोन्याच्या कसाबद्दल शंका येते. ही शंका बऱ्याचदा अनाठायी असते. भारतात सोन्याला हॉलमार्क मिळू लागला तो 2000 सालापासून. त्याआधीच्या दागिन्यावर फार तर सोनाराचा किंवा पेढीचा छाप असतो. मोडीत द्यायचाच असला तरी आधी दागिना नीट पाहून घ्या. एकदा आटवला की त्याची ओळख कायमची जाते.

दिवसाच्या उजेडात दागिना पालथा करा. दहापट मोठं दाखवणारं भिंग घेऊन फासा, कडी, फिरकीची दांडी, अंगठीची आतली बाजू तपासा. छाप बहुधा तिथेच असतो. त्याआधी घासू मात्र नका. उथळ छाप झिजतात, आणि साज, बोरमाळ यांच्या पोकळ मण्यांत भरलेली लाख गरम पाण्याने मऊ पडते.

मग आकडा वाचा. 916 म्हणजे 22 कॅरेट, 750 म्हणजे 18. भारतीय मानक ब्युरोच्या त्रिकोणी चिन्हासोबत एखादं सुटं अक्षर असेल तर ते वर्ष सांगतं: ए म्हणजे 2000, बी म्हणजे 2001. ही पद्धत 2017 पासून बंद झाली. सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी, म्हणजे प्रत्येक दागिन्याचा स्वतंत्र ओळख क्रमांक, 2021 पासून आला. पण जुन्या दागिन्यावरही हॉलमार्क नंतर करून घेता येतो, त्यामुळे छापाचं वय तेच दागिन्याचं, असं धरू नका. ‘केडीएम’ ही शुद्धतेची खूण नव्हे. सांधे कॅडमियम वापरून जोडलेत, एवढाच तिचा अर्थ. 875 म्हणजे 21 कॅरेट, हे सोनं बहुधा आखातातून आलेलं. 375 च्या शेजारी जहाजाचा नांगर असेल तर दागिना बर्मिंगहॅममध्ये तपासलेला, 9 कॅरेटचा. गोव्यातल्या एखाद्या घरात 800 दिसला तर पोर्तुगालचं 19.2 कॅरेट आठवा.

कस फारच कमी निघाला तर सोनाराला दोष देण्याआधी घरात विचारा, दागिना कोणत्या साली घडवला? जानेवारी 1963 मध्ये सुवर्ण नियंत्रण आलं आणि 14 कॅरेटहून शुद्ध दागिने घडवायला बंदी झाली. ही अट 1966 मध्ये उठली. त्या काळात लग्न झालेल्या बायकांच्या अंगावर असं सोनं सापडतं, त्यात फसवणूक नाही.

पुतळ्यांची, म्हणजे नाण्यासारख्या सोन्याच्या चकत्यांची माळ असेल तर घाई अजिबात नको. पुतळ्यांचं मूळ व्हेनिसच्या ड्युकॅट नाण्यात आहे. व्यापारातून ती इकडे आली आणि माळेत ओवली गेली. अस्सल ड्युकॅट साधारण साडेतीन ग्रॅमचं, जवळजवळ शुद्ध सोन्याचं. एका बाजूला संत मार्कसमोर गुडघे टेकलेला व्हेनिसचा सत्ताधीश, म्हणजे डोज. दुसऱ्या बाजूला लंबगोलात येशू, भोवती तारे. त्यावर डोजचं नाव असतं. ते लागलं तर त्याच्या कारकिर्दीवरून काळ कळतो. व्हेनिसचं प्रजासत्ताक 1797 मध्ये संपलं. आपल्या कारागिरांनी घडवलेल्या पुतळ्यांवर मात्र लॅटिन अक्षरांच्या नुसत्या उभ्या-आडव्या रेघा होतात, कधी राम-सीता येतात. त्यांना खोट्या म्हणू नका, तीही जुनी कारागिरीच आहे. हुबेहूब नकलाही झाल्या, तेव्हा नाण्यांच्या जाणकाराला दाखवल्याशिवाय निर्णय नको.

गिन्न्यांचा, म्हणजे ब्रिटिश सोन्याच्या नाण्यांचा हार त्यामानाने सोपा. प्रत्येक गिन्नी 7.98 ग्रॅम, 22 कॅरेट, आणि साल तिच्यावरच असतं. 1918 च्या गिन्नीवर सालाच्या वरच्या जमिनीच्या रेघेवर बारीक इंग्रजी आय अक्षर दिसलं तर ती मुंबईच्या टांकसाळीतली. अर्थात नाण्याचं साल म्हणजे हाराचं साल नव्हे. हार त्यानंतर कधीही ओवलेला असू शकतो.

शेवटी ब्युरोची मान्यता असलेल्या तपासणी केंद्रात जा. क्ष-किरणांनी कस मोजणारं एक्सआरएफ यंत्र दागिन्याला इजा करत नाही, पण फक्त वरचा थर वाचतं. म्हणून तीन-चार ठिकाणी मोजायला सांगा, सांध्यावरही. जुन्या सांध्यांत हीण जास्त असतं, त्यामुळे तिथला आकडा खाली येणारच. वजन ग्रॅममध्येच लिहून घ्या. आज सराफ 10 ग्रॅमचा तोळा धरतात, जुना तोळा 11.66 ग्रॅमचा होता. आजोबांच्या पावतीवर पाच तोळे असतील तर ते 58.3 ग्रॅम.