घरच्या अळिंबीसाठी शाळूचं स्पॉन: दाणा शिजला पाहिजे, पण फुटता कामा नये

मशरूम करायचं म्हटलं की सगळे आधी काड कुठलं, शेड कसली, भाव काय मिळतोय तेच विचारतात, बियाण्याचं, म्हणजे स्पॉनचं, कोणी काही विचारत नाही. आणि काड-भुसकट भरलेली बॅग खराब झाली की खापर फुटतंय सोयाबीनच्या भुसकटावर. माझं मत सरळ आहे, घरच्या धिंगरीत (म्हणजे ऑयस्टर मशरूममध्ये) निम्म्याहून जास्त गडबड स्पॉनमधून येते, आणि स्पॉनमधली गडबड बहुतेक वेळा दाण्याच्या ओलाव्यातून येते. म्हणून आज फक्त त्याच्याबद्दल लिहिते.

स्पॉन म्हणजे शिजवून निर्जंतुक केलेल्या धान्यावर वाढवलेली अळिंबीची पांढरी बुरशी. धान्य का, तर प्रत्येक दाणा म्हणजे खाऊची पुडी बांधून दिलेलं एकेक रोप समजा, काडात जितके दाणे विखुरतील तितक्या ठिकाणाहून एकदम वाढ सुरू होते. पूर्वी घोड्याच्या लिदीवर वगैरे स्पॉन करायचे, धान्यावर करायची पद्धत अमेरिकेत सिंडेन या संशोधकांनी १९३२ च्या सुमारास आणली आणि आज जगभर तीच चालते.

आता धान्य कुठलं. पुस्तकात बहुतेक गहू असतोय. गहू चांगलाच आहे, पण पाणी पटकन धरतो आणि जरा लक्ष हललं की फुटतो. मका दाणा मोठा, त्यामुळं किलोत दाणे कमी, म्हणजे वाढीची ठिकाणंही कमी. बाजरीत दाणे भरपूर पण शिजली की गोळा होते, नवीन माणसानं तिच्या नादाला लागू नये. मला आपला शाळूच, म्हणजे रब्बीची ज्वारीच आवडते, गोल दाणा, साल चिवट, हलवला की सुटा होतोय. कोल्हापुरात लक्ष्मीपुरीतल्या धान्याच्या दुकानात भाकरीचा शाळू मागा, फार भारीतला नको पण किडका, तुटका, कण्या असलेला अजिबात नको. तुटक्या दाण्यातून पीठ बाहेर येतं आणि तिथंच सगळी घाण वाढते.

दोन गोष्टी मात्र पक्क्या लक्षात ठेवा. पेरणीचं बियाणं कधीही वापरू नका, त्याला बुरशीनाशक लावलेलं असतं, रंगीत दाणा दिसला की समजायचं. अळिंबी पण बुरशीच आहे, ती त्याच्यावर कशी वाढणार, आणि खायच्या वस्तूत ते विष नकोच. दुसरं, वर्षाच्या साठवणीला घरात बोरिक पावडर चोळून ठेवलेलं धान्यही घेऊ नका.

किलोभर शाळू पाखडून, निवडून तीनचार पाण्यानं धुवायचा आणि रात्री भिजत घालायचा, दहाबारा तास. भिजवणं टाळू नका, कारण धान्यावर काही जिवाणू असे असतात की त्यांचे बीजाणू उष्णतेला दाद देत नाहीत, पण रात्रभर पाण्यात राहिले की ते उगवायला लागतात आणि मग उकळताना मरतात. सकाळी पाणी बदलून पातेल्यात शिजत लावायचा, पंधरा ते वीस मिनिटं. घुगऱ्या करतो ना आपण, त्याच्या अलीकडं थांबायचं. घुगरी खाताना मऊ लागते तेवढं मऊ नको. दाणा दोन नखांत धरून दाबायचा, आत पांढरा कोरडा ठिपका राहिला नसला पाहिजे पण साल अखंड पाहिजे. शंभरात चारपाच दाणे उकलले तर चालतंय, वीसपंचवीस उकलले तर तो घाणा जनावरांना घाला आणि परत करा, त्यातून चांगलं स्पॉन होत नाही.

मग चाळणीत किंवा बुट्टीत निथळत ठेवायचा आणि सुती कापडावर पातळ पसरायचा. खरी परीक्षा इथं आहे. आत ओला आणि बाहेर कोरडा असा दाणा पाहिजे. मी जुनं लुगडं अंथरते, वर फॅन लावते आणि दर पंधरा मिनिटांनी हातानं उलथापालथ करते. मूठभर दाणे वर्तमानपत्राच्या कागदावर अर्धा मिनिट दाबून धरायचे, कागदावर ओला डाग उठला तर अजून वाळायचे आहेत. मूठ उघडली की दाणे बोटांतून खळखळ सुटले पाहिजेत, तळहाताला चिकटून राहिले तर नाही. उन्हाळ्यात तासाभरात होतं, पण आपल्याकडं आषाढात हवाच इतकी ओली असते की दोन तीन तास लागतात. माझ्या पहिल्या पावसाळ्यात दुपारी लाईट गेली, फॅन बंद पडला आणि कंटाळून मी तसंच भरलं, दहाव्या दिवशी अकरापैकी नऊ पिशव्यांत तळाला चिकट पाणी आणि शिळ्या आंबिलासारखा आंबट वास. त्या पिशव्या फेकताना जे वाईट वाटलं ते अजून आठवतंय, तेव्हापासून लाईट नसली तर मी त्या दिवशी भरतच नाही.

किलोभर कोरडा शाळू शिजून पावणेदोन किलोच्या आसपास होतो, म्हणजे दाण्यातला मूळचा ओलावा धरून निम्मं वजन पाण्याचं. त्याला २० ग्रॅम जिप्सम आणि ५ ग्रॅम कॅल्शियम कार्बोनेट चोळायचं. जिप्सममुळं दाणे एकमेकाला चिकटत नाहीत, कार्बोनेट आंबटपणा वाढू देत नाही. जिप्सम खताच्या दुकानात मिळतं.

पिशवी पीपीची (पॉलिप्रॉपिलिनची) घ्या, साधी पॉलिथिनची कुकरमध्ये वितळते. दोन तृतीयांशच भरायची, नाहीतर नंतर हलवायला जागा राहत नाही. तोंडाला पाइपची रिंग आणि कापसाचा बोळा, आणि हा कापूस मेडिकलमधला पाणी शोषणारा नको, पाणी न धरणारा नॉन-अ‍ॅब्सॉर्बंट मागायचा, कारण ओला बोळा म्हणजे बुरशीला आत यायचा रस्ता. वर कागद आणि रबर.

कुकर मोठा पाहिजे, तळाला जाळी, आणि पिशव्या पाण्याला टेकता कामा नयेत. झाकण लावून आधी शिट्टी न ठेवता वाफ सरळ धारेनं निघू द्यायची, आत हवा कोंडली तर दाब दिसतो पण उष्णता पोचत नाही. मग शिट्टी ठेवायची, पहिली शिट्टी झाली की गॅस बारीक, आणि तिथून दीड ते दोन तास. हिशोब १५ पीएसआय दाबाचा, म्हणजे साधारण १२१ अंशांचा आहे. भातासारख्या चार शिट्ट्या काढून काही होत नाही. पाणी आधीच भरपूर घाला, सारखी शिट्टी वाजत राहिली तर तळ कोरडा पडतो आणि ते धोक्याचं आहे. बंद केल्यावर दाब आपोआप उतरू द्या, घाईनं उघडू नका. दुसऱ्या दिवशी पिशव्या पूर्ण गार झाल्यावरच पुढचं काम, गरम दाण्यात कल्चर, म्हणजे मूळ बुरशी, टाकलं तर ते मरतं.

आता मूळ बियाणं. मास्टर स्पॉन, म्हणजे ज्याच्यावरून आपण आपल्या पिशव्या करतो ते पहिलं स्पॉन, भरवशाच्या लॅबमधून घ्या. पुण्याच्या कृषी महाविद्यालयात अळिंबी संशोधन प्रकल्प आहे आणि हिमाचलात सोलनला देशाचं अळिंबी संशोधन संचालनालय आहे. विकत घेताना तारीख बघा, महिन्याच्या आतलं असावं. पिशवी एकसारखी पांढरी, दाणे दाबले की सुटणारे, हिरवा काळा नारिंगी ठिपका एकही नको, आणि तळाला पिवळं पाणी साठलेलं नको. जाड पांढरी सायच धरली असेल तर ते जुनं झालंय. आणि स्पॉनवरून स्पॉन, त्याच्यावरून परत स्पॉन असं करत बसू नका, प्रत्येक पिढीला जोम कमी होतो आणि एखादी लपलेली घाण शंभर पिशव्यांत जाते. मास्टरवरून एकदा, बास.

कल्चर टाकताना फॅन बंद, खिडक्या बंद, शक्यतो पहाटे झाडलोट व्हायच्या आधी. मी पारदर्शक प्लास्टिकचा खोका आडवा करून त्याला हात घालायला दोन भोकं पाडलीत, तेवढं पुरतं. हाताला आणि आतून खोक्याला स्पिरिट पुसा, ते पूर्ण उडू द्या आणि मगच दिवा पेटवा. स्पिरिट ओलं असताना जाळ जवळ आणला तर भडका उडतोय, हे गमतीत घेऊ नका. चमचा लाल होईपर्यंत तापवून गार करायचा आणि पिशवीत दोन चमचे मास्टर टाकून लगेच बोळा. एका मास्टर बाटलीत पंचवीस तीस पिशव्या होतात.

तारीख लिहून अंधाऱ्या कपाटात, २५ अंशांच्या आसपास, एकावर एक रचायच्या नाहीत कारण वाढताना त्या स्वतःच गरम होतात. चारपाच दिवसात दाण्याभोवती चांदणीसारखी पांढरी फुटते. तिसरा हिस्सा पांढरा झाला की, साधारण आठव्या दहाव्या दिवशी, बाहेरूनच चोळून दाणे मोकळे करून हलवायचे. दुसऱ्या दिवशी सगळं मेल्यासारखं दिसतं, घाबरू नका, दोन दिवसांत परत येतं. पंधरा ते अठरा दिवसांत पिशवी तयार. एखादीत हिरवं दिसलं तर घरात उघडून बघायची नाही, बोळ्यासकट दुसऱ्या पिशवीत बांधायची आणि लांब नेऊन पुरायची.

तयार स्पॉन लगेच लावणं सगळ्यात चांगलं. ठेवायचंच असेल तर धिंगरीचं फ्रिजच्या भाजीच्या कप्प्यात महिनाभर राहतं, फक्त गुलाबी धिंगरी थंडीत मरते, ती बाहेरच ठेवा. लावायच्या आदल्या संध्याकाळी बाहेर काढून ठेवायचं, आणि दहा किलो ओल्या काडाला ३०० ग्रॅमच्या हिशोबानं थरावर थर टाकायचं. एप्रिल मे मध्ये मात्र धिंगरीच्या मागं लागू नका, तेव्हा दुधी अळिंबी लावा, तिला ३० ते ३५ अंश मानवतात, आणि तिच्या स्पॉनलाही हाच शाळू चालतो.