ट्रॅक्टर धुण्याच्या प्रेशर वॉशिंग मशीनच्या पेट्रोल इंजिनाचा आवाज कमी करायचा तर

ट्रॅक्टर धुताना इंजिन कानठळ्या बसवत असेल, तर नवा सायलेन्सर आणायच्या आधी जुना तपासा. इंजिन थंड असताना सायलेन्सरचे नट-बोल्ट पान्याने आवळा. जोडाशी काळी काजळी दिसली तर गॅस्केट (जोडाच्या मधली पातळ चकती) फुटलं आहे. फट-फट आवाज तिथूनच येतो. गॅस्केट बदला, तिथे साधा सिलिकॉन लावू नका, उष्णतेने जळून जातो.

मग फ्रेमवर हात ठेवा. फार थरथरत असेल तर इंजिनाखालचे रबर बुश दबलेले किंवा चिरलेले असतात. चारही एकदमच बदला. काळ्या मातीत मशीन एका बाजूला खचते, म्हणून खाली सपाट फरशी आणि तिच्यावर जाड रबरी मॅट टाका.

सगळ्यात स्वस्त उपाय मात्र अंतराचा. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट केलं की आवाज साधारण ६ डेसिबल उतरतो. त्यासाठी प्रेशरचा पाइप लांब घ्या, मशीन दूर ठेवा. टिनाच्या शेडमध्ये तर ठेवूच नका, पत्रा आवाज घुमवतो आणि धुराने जीव गुदमरतो.

मशीनवर पेटी किंवा पोतं झाकणं ही सर्वात मोठी चूक. हे इंजिन हवेवर थंड होतं, झाकलं की तापून जाम होतं. सायलेन्सरजवळ पऱ्हाटी, कुटार, कापूस काहीच नको. उन्हाळ्यात एक ठिणगी पुरते.