आधी वाद्यं कुठे आहेत ते बघा

कॉन्ट्रा (समोरासमोरच्या ओळींत, जोडीजोडीनं करायचा समूहनाच) नाचायला नवीन कुणी आलं की मी पावलांच्या आधी एकच विचारते: वाजवणारे कुठल्या बाजूला बसलेत? ती बाजू म्हणजे 'वर', उलटी बाजू 'खाली'. बाकीची सगळी नावं यावर टांगलेली आहेत.

दोन लांब ओळी समोरासमोर, तुमचा पार्टनर समोरच्या ओळीत. वरच्या टोकापासून चार-चार जणांनी हात धरायचे. चौघांतली वरची जोडी 'एक', खालची 'दोन'. मग एक नंबरवाले पार्टनरशी जागा बदलून खाली तोंड करतात, दोनवाले वर. आता प्रत्येक जोडीत डावीकडचा 'लार्क', उजवीकडचा 'रॉबिन'. बाई की पुरुष, हा प्रश्नच नाही, फक्त बाजू. समोरच्या जोडीतल्या ज्याच्यासमोर तुम्ही आलात, तो तुमचा 'नेबर'. नाचाचा एक फेरा ६४ ठेक्यांचा. तो संपला की 'एक' एक घर खाली सरकतात, 'दोन' एक घर वर, आणि नेबर नवा.

खरी गंमत टोकाला. समोर कुणीच उरत नाही, म्हणून एक फेरा थांबायचं, आणि तेवढ्यात तुमचा नंबर बदलतो. माझ्या पहिल्या संध्याकाळी हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. मी 'एक' आहे, म्हणजे खालीच जायचं, अशा हट्टानं भिंतीकडे निघाले होते! नंबर माणसाचा नसतो, तुम्ही कुठल्या दिशेला निघालात त्याचा असतो. थांबलात की आधी मागे वळा. वळल्यावर लार्क उजवीकडे गेलेला असतो, म्हणून पार्टनरशी जागा बदला आणि वाट बघा. एवढं जमलं की निम्मे घोळ मिटतात.

स्क्वेअर हा चौकोनात करायचा दुसरा समूहनाच: चार जोड्या, चार बाजू. पहिली जोडी वाद्यांकडे पाठ करून उभी राहते, तिच्या उजव्या हाताची दुसरी, समोरची तिसरी, उरलेली चौथी. एक-तीन म्हणजे 'हेड्स', दोन-चार 'साइड्स'. एका हाताला पार्टनर, दुसऱ्या हाताला असेल तो 'कॉर्नर'. नवखे हमखास समोरच्याला कॉर्नर समजून हात पुढे करतात. त्याला 'अपोझिट' म्हणतात.

सिसिलियन सर्कल हा तिसरा प्रकार वेगळा पाठ करायची गरज नाही. कॉन्ट्रासारखी जोडीसमोर जोडी तशीच, फक्त ओळ वाकवून मोठं वर्तुळ केलेलं. टोकच नाही, त्यामुळे थांबणंही नाही. नवख्यांना मी आधी यातच घालते.