कोल्हापूरच्या पंचगंगा घाटावर नदी-अभ्यास केंद्र: आराखड्याआधीची तयारी

आराखडा काढून घ्यायच्या आधी एक जाड वही घ्या आणि घाटावर वर्षभर कोण काय करतं ते महिनावार लिहा. पहाटे पोहायला येणारे, धुणं आणणारे, जनावरं धुणारे, दशक्रियेला आलेली कुटुंबं, जाळं टाकणारे, गणपती विसर्जनाची गर्दी. डोह कुठे आहे, चिलापी मासळी जाळ्यात कधीपासून वाढली, कुठल्या महिन्यात पाण्याला वास सुटतो, हे यांनाच विचारावं लागेल. त्यांच्या पायऱ्या आणि पाण्यापर्यंतची वाट नकाशावर आधी आखा, प्रयोगशाळेला उरलेली जागा द्या. हा क्रम उलटा झाला तर केंद्र उभं राहील आणि घाट बंद पडेल. ते मला मान्य नाही.

मग पूररेषेचे नकाशे. निळी रेषा 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल 100 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. निळ्या रेषेच्या आत कायमचं बांधकाम धरूच नका. राजाराम बंधाऱ्यावर 39 फुटांना इशारा आणि 43 फुटांना धोका असतो. 2019 आणि 2021 मध्ये पाणी 55 फुटांच्या वर गेलं होतं. म्हणून महागडी उपकरणं, रसायनं आणि नोंदवह्या लाल रेषेबाहेरच्या इमारतीत ठेवा. घाटावर फक्त उचलून नेता येईल असं सामान असू द्या, आणि इशारा पातळीला ते कोण उचलणार, कुठल्या गाडीने नेणार, हे कागदावर ठरवा.

पाण्याचे नमुने जागेची परवानगी मिळायच्या आधीच सुरू करा, कारण केंद्राने काय बदललं हे सांगायला आधीची नोंद लागेलच. प्रयाग चिखलीच्या संगमाखाली एक जागा, जयंती नाला मिळतो त्याच्या वर एक आणि खाली एक. विरघळलेला ऑक्सिजन सूर्योदयापूर्वी मोजा. रात्रभर शेवाळ श्वसन करतं आणि प्राणवायू तेव्हा सर्वांत कमी असतो. दुपारचा आकडा नदीला उगाच निरोगी दाखवतो. बीओडीची (पाण्यातली घाण कुजवताना जिवाणू किती प्राणवायू वापरतात त्याची) चाचणी 27 अंशांवर 3 दिवस चालते, तेव्हा वीज गेली तर इन्क्युबेटर कशावर चालेल ते आधी बघा. नमुने बर्फात आणि अंधारात न्या.

सर्वांत जास्त लक्ष कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांकडे द्या. पावसाळा सरला की बर्गे, म्हणजे बंधाऱ्याच्या खांबांमधल्या काढता-घालता येणाऱ्या फळ्या, घालतात, पाणी अडतं, त्यात सांडपाणी साचतं आणि गाळ तळाला बसतो. बर्गे काढले किंवा पहिला मोठा पाऊस आला की तो गाळ ढवळतो, जिवाणू प्राणवायू संपवतात आणि मासे मरतात. मेलेले मासे तरंगलेले दिसल्यावर धावत जाऊन उपयोग नाही. बर्गे कधी घालणार, कधी काढणार याची तारीख पाटबंधारे खात्याकडून आधी मागून घ्या आणि त्याच्या अलीकडे-पलीकडे रोज नमुने घ्या.

परवानग्यांचं काम सरळ आहे, पण वेळ खातं: महापालिका, पाटबंधारे, प्रदूषण नियंत्रण मंडळ. अर्ज एकाच वेळी टाका. शिवाजी विद्यापीठातल्या पर्यावरणशास्त्राच्या विद्यार्थ्यांना नमुन्यांच्या कामात पहिल्यापासून घ्या, आणि घाटावरच्या एखाद्या भोई मुलाला पगार देऊन साहाय्यक नेमा. दर पुरानंतर पायऱ्यांवरचा गाळ काढण्याचा खर्च अंदाजपत्रकात वेगळ्या ओळीत लिहा.