बिल्टी पीएचपीतून डॉटनेटमध्ये नेताना

नागपुरातल्या कळमन्याच्या अडत्यांचं बिलिंग पीएचपीत, शीतगृहाचं सॉफ्टवेअर डॉटनेटमध्ये, ट्रान्सपोर्टवाल्याचं जावात, म्हणजे तीन वेगळे प्रोग्रामिंग प्लॅटफॉर्म. संत्र्याचा सीझन लागला की बिल्टी, म्हणजे माल वाहतुकीची पावती, या तिघांमध्ये सोपवरून (प्रोग्रामांनी एकमेकांना एक्सएमएल निरोप पाठवायची पद्धत) फिरली पाहिजे, आणि ही मधली जोडणी मी परसोडीच्या आयटी पार्कात बसून करते. टूल्स तिन्हीकडची मुरलेली आहेत. डब्ल्यूएसडीएल, म्हणजे सेवेचं वर्णन करणारी फाइल, दिली की जावात सीएक्सएफ, डॉटनेटमध्ये एसव्हीसीयुटिल ही टूल्स लगेच क्लायंट, म्हणजे सेवेला हाक मारणारा कोड, बनवून देतात. पण क्लायंट बनला म्हणजे सेवा जुळली, असं अजिबात समजू नका.

आधी डब्ल्यूएसडीएल उघडून बाइंडिंग, म्हणजे निरोप कोणत्या साच्यात जाणार तो भाग, वाचा. 'आरपीसी' आणि 'एन्कोडेड' दिसलं तर तिथेच थांबा, समोरच्याकडून 'डॉक्युमेंट-लिटरल' मागून घ्या. डब्ल्यूएस-आय या वेब सेवांच्या मानक संस्थेच्या 2004 सालच्या बेसिक प्रोफाइल 1.0 ने एन्कोडेड बाद केलं आणि सीएक्सएफ ते घेतच नाही. पीएचपीचा स्वतःचा सोपक्लायंट ते घेतो, म्हणून पीएचपीवाला छातीठोकपणे म्हणतो, ''आमच्याकडे तर चालतंय.'' खरंच चालत असतं, वाद घालू नका.

मग सोपची आवृत्ती. 1.1 चा कंटेंट-टाइप (निरोपाचा प्रकार सांगणारा हेडर) टेक्स्ट/एक्सएमएल, 1.2 चा ॲप्लिकेशन/सोप+एक्सएमएल. सर्व्हरने 415, म्हणजे 'हा कंटेंट-टाइप चालत नाही' असा एरर, दिला तर पहिला संशय इथेच घ्या.

आता खरं काम. कोड लिहिण्याआधी सोपयूआय या टेस्टिंग टूलमधून एक बिल्टी पाठवा, मग तीच बिल्टी प्रत्येक प्लॅटफॉर्मवरून पाठवून तारेवरून गेलेला एक्सएमएल शेजारी शेजारी ठेवून वाचा. ऑब्जेक्ट नाही, एक्सएमएल. समजा 'हमाली' हा आकडा ऐच्छिक आहे. डॉटनेटच्या बनवलेल्या क्लासमध्ये त्याच्या जोडीला अनेकदा 'हमाली-स्पेसिफाइड' असा बूलियन (ट्रू किंवा फॉल्स) येतो. तो ट्रू केला नाही तर हमाली भरूनही जात नाही, आणि एररही येत नाही. असा गपचूप गळणारा पैसा मला सगळ्यात जास्त खटकतो, कारण त्यात कुणातरी हमालाची मजुरी असते.

पीएचपीत दुसरीच गंमत: बिल्टीत पाच नग असले की ॲरे (यादी) मिळतो, एकच असला की सुटा ऑब्जेक्ट, आणि लूप कोलमडतो. त्यासाठी सोप_सिंगल_एलिमेंट_ॲरेज हे फीचर चालू करा. टेस्टमध्ये एका नगाची बिल्टी हवीच.

तारखेला विशेष जपा. 5 नोव्हेंबरची मध्यरात्र +05:30 या भारतीय टाइमझोनसकट पाठवली की यूटीसीत (जागतिक प्रमाणवेळेत) ती 4 नोव्हेंबर 18:30 होते. पलीकडच्याने फक्त तारीख कापून घेतली की बिल्टी एक दिवस मागे जाते आणि शीतगृहाचं भाडं एका दिवसाने वाढतं. वेळेची गरजच नसेल तर स्कीमात (एक्सएमएलमधल्या फील्ड्सचे प्रकार ठरवणाऱ्या आराखड्यात) डेटटाइम ठेवू नका, साधा डेट ठेवा, तोही टाइमझोनशिवाय.

शेतकऱ्याचं नाव मराठीत पाठवून बघितल्याशिवाय टेस्ट पूर्ण झाली असं मी मानत नाही. 'नागपूर' स्कीमाच्या मॅक्सलेंथमध्ये (लांबीच्या मर्यादेत) 6 अक्षरचिन्हं म्हणून मोजलं जातं, पण यूटीएफ-8 या एन्कोडिंगमध्ये त्याचे 18 बाइट होतात. पलीकडचा डेटाबेस कॉलम बाइटमध्ये मोजत असेल तर स्कीमा पास होऊनही नाव अर्धवट कापलं जाईल. त्यांना कॉलमचं माप आधीच विचारा.

जावा 11 पासून जाक्स-डब्ल्यूएस, म्हणजे जावाची सोप लायब्ररी, जेडीकेत (जावाच्या मूळ किटमध्ये) नाही, डिपेंडन्सी वेगळी जोडा. डॉटनेट कोअरवर क्लायंट मिळतो, पण सेवा चालवायची तर कोअरडब्ल्यूसीएफ ही वेगळी लायब्ररी लागेल, त्याचं 1.0 2022 साली आलं.

आणि डब्ल्यूएसडीएल बदलूनही पीएचपी जुन्याच फील्ड्स पाठवत असेल तर कोड उकरत बसू नका. पीएचपी डब्ल्यूएसडीएल कॅश करतं, म्हणजे तिची प्रत साठवून तीच वापरतं, मूळ मुदत 86400 सेकंद, म्हणजे पूर्ण दिवस. टेस्टिंग संपेपर्यंत ती कॅश बंद ठेवा, आणि लाइव्हवर नवी डब्ल्यूएसडीएल चढवली की कॅशच्या जुन्या फाइल्स हाताने उडवा.