गाडी कधी चालू होते, कधी होत नाही? या चुका टाळा

सकाळी चावी फिरवली, गाडी गप्प. पुन्हा फिरवली, तरी गप्प. तिसऱ्यांदा मात्र काही झालंच नव्हतं अशी चालू झाली. अशा वेळी बहुतेक जण "चला, झाली एकदाची" म्हणून निघतात आणि पहिली चूक तिथेच होते. बिघाड समोर उभा होता तेव्हा त्याच्याकडे कुणी पाहिलंच नाही. चार दिवसांनी गॅरेजमध्ये तीच गाडी पहिल्या सेल्फला चालू होते. मग मेकॅनिक तरी काय पकडणार? अंदाजाने आधी बॅटरी बदलली जाते, मग सेल्फ (इंजिन फिरवणारी स्टार्टर मोटर), मग रिले (करंट सोडणारा छोटा विजेचा स्विच), आणि महिन्याभराने गाडी पुन्हा अडते.

म्हणून गाडी अडली की लगेच दहा वेळा सेल्फ मारू नका. एकदाच मारा आणि कान देऊन ऐका. भराभर कट-कट-कट असा आवाज आला, तर सेल्फपर्यंत पुरेसा करंट पोचत नाही. बॅटरी उतरलेली असते किंवा टर्मिनल सैल असतं. एकच ठाम 'खट्' येऊन शांतता पसरली, तर सोलेनॉइड (सेल्फवरचा चुंबकी स्विच) ओढला गेलाय पण मोटर फिरत नाही, म्हणजे सेल्फचे कार्बन (मोटरला करंट देणारे ब्रश) किंवा आतले कॉन्टॅक्ट झिजले असावेत किंवा जाड केबलचा जोड खराब असावा. काहीच आवाज नसेल, तर रिले, फ्यूज, इग्निशन स्विच, क्लच पेडलचा स्विच इकडे बघायचं. ऑटोमॅटिक गाडी 'पी'मध्ये (पार्क) गप्प राहते आणि 'एन'मध्ये (न्यूट्रल) टाकल्यावर चालू होते, असं दिसलं तर गिअरच्या स्विचवर संशय घ्या. आणि सेल्फ जोरात फिरतोय पण इंजिन पकडत नाही, हा प्रश्नच वेगळा. तिथे बॅटरी बदलून काही उपयोग नाही.

आवाजाचा अंदाज येत नसेल, तर हेडलाइट लावून सेल्फ मारा. लाइट एकदम मंदावले, तर बॅटरी किंवा तिचे जोड. लाइट तसेच लख्ख राहिले आणि सेल्फ हललाही नाही, तर सेल्फपर्यंत हुकूमच पोचत नाहीये किंवा सेल्फच आतून गेलाय. यासाठी पैसा लागत नाही की हत्यार लागत नाही, तरी हे कुणी करत नाही याचं मला मनापासून वाईट वाटतं.

दुसरी चूक म्हणजे "मीटर १२ व्होल्ट दाखवतोय, बॅटरी ठणठणीत आहे" असं समजणं. रात्रभर उभ्या गाडीची पूर्ण भरलेली बॅटरी साधारण १२.६ व्होल्ट दाखवते. १२.२ म्हणजे जेमतेम निम्मी आणि १२ म्हणजे जवळजवळ रिकामी. खरी परीक्षा सेल्फ मारताना होते. तेव्हा व्होल्टेज ९.६ च्या खाली कोसळलं तर बॅटरी लोड घेत नाही. इंजिन चालू झाल्यावर १३.८ ते १४.५ च्या आसपास आकडा दिसायला हवा. तो दिसत नसेल तर अल्टरनेटर (चालू इंजिनावर बॅटरी चार्ज करणारं यंत्र) आणि त्याचा बेल्ट तपासा, नाहीतर नवी बॅटरीही आठवड्यात बसेल. काही नव्या गाड्यांत संगणक ठरवून चार्जिंग कमी-जास्त करतो, तेव्हा एकाच आकड्यावरून निकाल देऊ नका.

बॅटरी चांगली निघाली तरी जोड तपासायचे राहतात, आणि माझी स्वतःची गाडी तिथेच अडकली होती. दमट हवेच्या सकाळी ती अडायची, दुपारी शहाण्यासारखी चालायची. बॅटरी बदलली, सेल्फ खोलून झाला, फरक शून्य. शेवटी मल्टिमीटरची एक सुई बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर आणि दुसरी इंजिनच्या उघड्या धातूवर टेकवून सेल्फ मारायला लावला. तिथे जास्तीत जास्त ०.२ ते ०.३ व्होल्ट दिसावेत. मला दोनच्या आसपास दिसले. बॉडीवरून गिअरबॉक्सवर जाणारी अर्थिंगची पट्टी (करंट बॅटरीकडे परत नेणारी) बाहेरून स्वच्छ होती, बोल्टही घट्ट होता. खोलल्यावर वॉशरखाली गंजाचा तपकिरी थर निघाला. पॉलिश पेपरने घासून पुन्हा आवळली आणि गाडी परत कधी तशी अडली नाही. तेव्हापासून जोड नुसता हलवून बघण्यावर माझा विश्वास नाही. सेल्फ फिरताना मोजल्याशिवाय तो कळत नाही.

आता डॅशबोर्ड. गाडी अडली आणि एबीएस, स्टिअरिंग, एअरबॅग असे चार-पाच दिवे एकदम लागले, की माणूस घाबरतो. इतकी यंत्रं एकाच सकाळी क्वचितच बिघडतात. व्होल्टेज खाली गेलं की वेगवेगळे मॉड्यूल (गाडीतले छोटे संगणक) गोंधळतात आणि जो तो तक्रार नोंदवतो. आधी बॅटरी आणि अर्थिंग नीट करा, मग कुठले दिवे उरतात ते बघा. चावीचं किंवा कुलपाचं चिन्ह लुकलुकत असेल तर मात्र इमोबिलायझरला (चोरी रोखणाऱ्या यंत्रणेला) चावी ओळखू येत नाहीये. दुसरी चावी लावून बघा. बटण स्टार्ट असेल तर बऱ्याच गाड्यांत रिमोट थेट बटणाला टेकवला की गाडी चालू होते. रिमोटचा सेल संपला असेल तेव्हा हे करून बघा.

स्कॅनर (गाडीच्या संगणकातले बिघाडाचे कोड वाचणारं यंत्र) लावून कोड लगेच पुसणं ही फार महागात पडणारी चूक. कोडबरोबर बिघाडाच्या क्षणी इंजिन किती गरम होतं, किती आरपीएम होते, याचीही नोंद राहते. कोड पुसला की तीही जाते. आधी सगळ्याचा फोटो घ्या. शिवाय कोड म्हणजे निदान नव्हे. पी०३३५ आला तर क्रँक सेन्सरच्या (इंजिन किती वेगाने फिरतंय ते सांगणाऱ्या) सर्किटमध्ये गडबड आहे एवढंच कळतं. दोष वायरचा किंवा कनेक्टरचाही असू शकतो. बिघडू लागलेला हा सेन्सर अनेकदा गरम झाल्यावर दगा देतो आणि अर्ध्या तासाने थंड झाला की परत चालतो. सेल्फ फिरतोय पण आरपीएमचा काटा जागचा हलत नाही, ही त्याची एक खूण.

तेलाचा किंवा तापमानाचा लाल दिवा चालत्या गाडीत लागला, तर इथे निदान वगैरे नाही. सुरक्षित जागा बघून गाडी बाजूला घ्या आणि इंजिन बंद करा.

आणि अल्टरनेटर तपासायला चालू इंजिनावर बॅटरीची केबल काढायचा जुना उपाय कृपा करून करू नका. व्होल्टेज उसळी मारतं आणि ईसीयू (इंजिनचा संगणक) जळू शकतो.

गॅरेजला जाताना गाडी अडल्याचा आवाजासकट व्हिडिओ घेऊन जा. इंजिन थंड होतं की गरम, गाडी किती वेळ उभी होती, तेही सांगा. सकाळीच अडत असेल तर गाडी आदल्या संध्याकाळी सोडा आणि सकाळचा पहिला सेल्फ मेकॅनिकनेच मारू दे, मीटर लावून.